विंडोजच्या पोटात लिनक्स

रिसर्चमध्ये शिरलात की एक वाक्य तुमच्या कानावर पडणारच: "हे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालव." ग्रोमॅक्स घ्या नाहीतर क्वांटम एस्प्रेसो, ट्युटोरियल उघडलं की पहिल्या ओळीपासून टर्मिनल. आणि तुमच्याकडे लॅपटॉप एकच, त्यात विंडोज, त्यातच एमएस्सीचं सगळं काम. मित्र म्हणतात, ड्युअल बूट कर. करता येतं, पण त्यासाठी डिस्कचं पार्टिशन बदलावं लागतं, आणि तिथे चुकीचा पर्याय निवडला तर डेटा जाऊ शकतो. नुसतं शिकायला एवढी जोखीम कशाला? मी तरी आधी व्हर्च्युअलबॉक्स सुचवेन. मूळ सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे विंडोजच्या नजरेत इतरांसारखाच एक प्रोग्रॅम. आत बसलेल्या लिनक्सला मात्र वाटतं, आपल्याला अख्खा कॉम्प्युटर मिळालाय. त्याची 'हार्ड डिस्क' म्हणजे तुमच्या डिस्कवरची एक मोठी फाइल. त्यामुळे उबंटू टाकताना "संपूर्ण डिस्क पुसू का?" असं विचारलं तर बिनधास्त हो म्हणा, पुसली जाते ती तेवढी फाइल. कल्पना नवी नाही, आयबीएमने मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० आणली १९७२ मध्ये. आज आपल्या लॅपटॉपवर हे बऱ्यापैकी वेगात चालतं, कारण इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्येच तशी सोय असते. बहुतेक सूचना थेट प्रोसेसरवर चालतात. हार्डवेअरला हात घालणाऱ्या सूचना तेवढ्या हायपरव्हायजर मध्येच अडवून स्वतः हाताळतो.

ही सोय कधीकधी बायोसमध्ये बंद असते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली 'व्हर्च्युअलायझेशन'समोर काय लिहिलंय ते आधी बघा. रॅम ८ जीबी असेल तर ४ च्या वर देऊ नका, नाहीतर विंडोजच गुदमरेल.

आता खरी कामाची गोष्ट: स्नॅपशॉट. कुठलंही अवघड सॉफ्टवेअर कंपाइल करण्याआधी एक स्नॅपशॉट घ्या. लायब्ऱ्यांचा गोंधळ झाला की दोन क्लिकमध्ये मशीन जसंच्या तसं मागे. पण 'जसंच्या तसं' याचा अर्थ नीट समजून घ्या. मशीनच्या आत ठेवलेले तुमचे निकालही मागे जातात! मंगळवारी स्नॅपशॉट घेतला, शुक्रवारी तिथे परतलात, तर मधल्या तीन दिवसांचं आउटपुट गेलं. म्हणून मशीनच्या आत फक्त सॉफ्टवेअर ठेवायचं, डेटा 'शेअर्ड फोल्डर'मध्ये. हा फोल्डर विंडोजच्या बाजूला असतो, स्नॅपशॉट त्याला हात लावत नाही. (त्यासाठी गेस्ट ॲडिशन्स टाकावं लागतं. उबंटूने 'परमिशन डिनाइड' म्हटलं तर स्वतःच्या युजरला 'व्हीबॉक्सएसएफ' ग्रुपमध्ये घाला आणि मशीन रीस्टार्ट करा.)

आणि स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. तो मूळ डिस्क-फाइलवरच टेकलेला असतो. लॅपटॉप गेला की दोन्ही गेले. डेटाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच.

जीपीयूवर, म्हणजे कुडावर, गणितं चालवायची असतील तर मात्र व्हर्च्युअलबॉक्स उपयोगाचं नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर विंडोजचंच डब्ल्यूएसएल-२ वापरा. आणि दिवसेंदिवस चालणारी सिम्युलेशन्स विभागाच्या क्लस्टरवरच टाका. इनपुट फाइल बरोबर आहे की नाही, एवढं घरी तपासून घेतलं तरी रांगेतला बराच वेळ वाचतो.