सगळं अंगावर येतं तेव्हा

फार ताण आला की आपण म्हणतो, 'सगळं अंगावर आलंय.' आपल्या भाषेनं त्रासाची जागाच सांगून ठेवली आहे, बघा. पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, हातपाय गळतात. मनावरचा ताण पुष्कळदा आधी शरीरात कळतो. आजचा आपला विषय तोच.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. अशा प्रसंगातून वाचलेला माणूस पुढं साधा ट्रक गेला, जमीन थरथरली, तरी दचकू शकतो. २१ मार्च २०२४ ला हिंगोलीकडचा ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडलाही जाणवला. धक्का बसला की उघड्यावर येणं योग्यच. अडचण पुढची आहे: धोका सरतो, पण शरीर इशारा देतच राहतं.

असं का होतं? मेंदूतला अमिग्डाला हा भाग विचार पूर्ण व्हायच्या आत धोक्याची घंटा वाजवतो. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, पचन मंदावतं. लातूर-नांदेडला 'नीट'ची तयारी करणाऱ्या पोराला सराव परीक्षेत मार्क कमी पडले, तरी हीच घंटा वाजते. पोरगं म्हणतं, 'माझं काही खरं नाही.' खरं तर ते त्याचं भविष्य नव्हे, त्याचं धडधडणारं काळीज बोलत असतं.

अशा वेळी आपण काय करायचं? आधी दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवायचे आणि फरशीचा गारवा जाणवू द्यायचा. मग मनात नाव घ्यायचं: 'खांदे ताठलेत, घसा आवळलाय.' बदलायची घाई नको, नुसती नोंद. त्यानंतर श्वास सावकाश सोडायचा, घेतला त्यापेक्षा लांब. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग उतरवते. श्वासाकडं बघून कुणाची भीती वाढली, तर त्यानं श्वास सोडून हातातल्या वस्तूकडं लक्ष द्यावं.

यानं मार्क वाढत नाहीत, गेलेलं माणूस परत येत नाही. पण पुढचा निर्णय घाबऱ्या जिवानं घ्यावा लागत नाही. छातीत दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टर गाठायचा. झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर एकट्यानं सोसायचं नाही. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर मोफत आहे. घरच्यांशीही बोलू या.