काहीच न घडण्याचे साडेअठ्ठ्याहत्तर लाख

साडेअठ्ठ्याहत्तर लाख रुपये. २०२४ च्या ऑक्टोबरात नवी लांब ई-क्लास मर्सिडीज भारतात आली, तेव्हा तिची शोरूममधली किंमत इथून सुरू होत होती. वर कर, विमा, नोंदणी आहेच. एवढ्या पैशांत आमच्या वाणगावात काय काय उभं राहिलं असतं, याचा हिशोब घरातल्या प्रत्येकाने मला स्वतंत्रपणे ऐकवून झाला आहे. ढोबळी मिरचीसाठी किती शेडनेट, चिकूची केवढी वाडी, बोरवेल किती. सगळ्यांचे हिशोब बरोबर आहेत. पण गाडी दारात आल्यावर मला वेगळाच प्रश्न पडला. सीटचं मऊ आवरण, मोठाले पडदे, रात्री उजळणाऱ्या रंगीत पट्ट्या हे सगळं डोळ्यांना दिसतं आणि त्याची सवयही लवकर होते. मग उरलेले पैसे गेले कुठे?

माझ्या मते ते न घडणाऱ्या गोष्टींत गेले. आवाज येत नाही, हिसका बसत नाही, गाडी भरकटत नाही. आणि एखादी गोष्ट घडू न देणं हा घडवण्यापेक्षा किती मोठा खटाटोप असतो, ते कळू लागलं तसा मी चकित होत गेलो.

आवाजापासून सुरुवात करू. वाणगाव स्टेशनालगत उभं राहा. लांब पल्ल्याची गाडी इथे न थांबता सुसाट निघून जाते, तेव्हा बोलणं मध्येच थांबवावं लागतं. आता या गाडीच्या काचा वर करून तेच बघा. डबे दिसतात, प्लॅटफॉर्मवरची धूळ उडताना दिसते आणि आवाज मात्र दूरच्या शेतातून आल्यासारखा. काच तर एवढीशी पातळ. तिने एवढा आवाज अडवला कसा?

गंमत अशी की ती एक काच नसतेच. समोरच्या काचेत दोन पातळ काचा असतात आणि त्यांच्यामध्ये मिलिमीटरभरही जाडी नसलेला प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा. आवाज म्हणजे हवेचे धक्के. ते बाहेरच्या काचेवर आदळले की काच थरथरते आणि ती थरथर आत पोचली की आपल्याला ऐकू येतं. मधला पापुद्रा ही थरथर स्वतःच्या अंगात जिरवतो. काशाचं ताट वाजत असताना त्यावर हात ठेवला की नाद जागीच थांबतो ना, तसा हा हात काचेच्या पोटात कायमचा ठेवलेला आहे. थांबलेला नाद जातो कुठे? त्याची उष्णता होते. म्हणजे ती एक्स्प्रेस जाताना माझ्या गाडीची काच अगदी नकळत, कणभर तापते!

अशी जोडकाच सुचली तीही अपघाताने. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाच्या हातून १९०३ मध्ये प्रयोगशाळेतलं एक काचपात्र पडलं. ते तडकलं, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आतल्या द्रावणाचा सुकलेला थर काचेला आतून धरून होता. त्याला त्यात सुरक्षितता दिसली. शांतता मिळवण्यासाठी तीच युक्ती लोकांनी कितीतरी नंतर वापरली.

पण रेल्वे बाहेरची झाली. महामार्गावर आवाजाचं मोठं कारण गाडी स्वतःच असते, कारण ती हवा कापत जाते. इथला हिशोब भयंकर आहे. आरशाच्या कडेवर, खांबांवर, फटींवर घोंगावणाऱ्या वाऱ्याच्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घातात वाढते. ताशी ५० वरून १०० वर गेलात तर वेग दुप्पट झाला, आवाजाची शक्ती मात्र चौसष्टपट! म्हणून आरशाची कड जराशी गोल करायला माणसं महिनोन्महिने वाऱ्याच्या बोगद्यात बसतात. या पिढीच्या ई-क्लासचा हवेला होणाऱ्या अडथळ्याचा गुणांक ०.२३ आहे. सपाट फळी वाऱ्यासमोर उभी धरली तर हाच आकडा एकच्याही वर जातो.

या शांततेची एक शिक्षाही आहे. दाराच्या खणात टाकलेली घराची किल्ली आता घंटेसारखी ऐकू येते. जुन्या गाडीत ती वर्षानुवर्षं वाजतच असणार.

शेजारचे काका पहिल्यांदा बसले, तेव्हा जरा वेळाने म्हणाले, "अरे, चालू कर ना आता."

"काका, चालूच आहे."

काकांचं फारसं चुकलं नव्हतं. गाडी चालू असली तरी त्या क्षणी इंजिन खरोखर बंद होतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ४८ व्होल्टची एक विजेची मोटर बसवलेली असते. थांबलात की इंजिन विसावतं आणि ब्रेकवरून पाय उचलला की ही मोटर त्याला एका दमात फिरतं करते. सेल्फचा तो ओळखीचा खरखराट नाही, थरथर नाही. शिवाय पेट्रोल इंजिनाचा टर्बो दम धरून जोर लावेपर्यंत मधली उणीव हीच मोटर भरून काढते.

आता बसणाऱ्यांना सगळ्यात आधी जाणवते ती गोष्ट, स्प्रिंग. आपल्या शरीराला दोन प्रकारचे हेलकावे मुळीच सोसत नाहीत. सेकंदाला चार ते आठ धक्के बसू लागले की पोटातले अवयव त्याच तालावर हलायला लागतात आणि माणूस वैतागतो. उलट पाच सेकंदांत एखादाच, असा संथ झोका मिळाला तर मळमळतं. समुद्रात बोट लागते ती याच तालावर. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद जागा उरते, सेकंदाला एक-सव्वा हेलकाव्याची. गाडीच्या स्प्रिंगा त्याच जागेत बसवायच्या असतात. वैतागही नको आणि उलटीही नको!

त्याहून सुंदर डाव मागच्या चाकांशी खेळलेला असतो. खड्ड्यात आधी पुढचं चाक जातं, मागचं नंतर. या गाडीच्या चाकांमधलं अंतर ३०९४ मिलिमीटर. ताशी ६० च्या वेगात मागचं चाक त्याच खड्ड्यावर पोचायला सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात पुढची बाजू हलायला लागलेली असते. दोन्हीकडच्या स्प्रिंगांचा ताल एकच ठेवला तर मागची बाजू कायम तेवढीच मागे पडेल आणि नाक वर तर शेपूट खाली, असं गाडी डुलत राहील. मॉरिस ओली नावाच्या इंजिनिअरने १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये एका मोटारीवर हलवता येणारी वजनं लावली, माणसं बसवली आणि कधी बरं वाटतं ते शोधून काढलं. उत्तर असं निघालं: मागच्या स्प्रिंगांचा ताल पुढच्यांहून किंचित जलद ठेवा. मग उशिरा सुरू झालेली मागची बाजू पुढचीला लगेच गाठते, गाडी सपाटच वर जाते, सपाटच खाली येते आणि शॉक-ॲब्सॉर्बर तो हेलकावाही संपवून टाकतात. मागे बसलेल्या आईला यातलं काही माहीत नाही. ती फक्त म्हणाली, "रस्ता केला वाटतं नवा."

मागे बसणाऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर ही लांबी मुळात त्यांच्यासाठीच. जगात बहुतेक ठिकाणी ही गाडी मालक स्वतः चालवतात. भारतात आणि चीनमध्ये मालक मागे बसतात. म्हणून २०१७ पासून भारतासाठी उजव्या हाताच्या स्टिअरिंगची लांब ई-क्लास निघाली. ती जुळवली जाते आपल्या चाकणला. तिचं महाराष्ट्राशी नातं त्याहून जुनं आहे. १९९५ मध्ये भारतातली पहिली मर्सिडीज पुण्यातच, टेल्कोच्या आवारात जुळवली गेली आणि तीही ई-क्लासच होती. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादकरांनी सुमारे दीडशे मर्सिडीज एकगठ्ठा घेऊन साऱ्या देशाला तोंडात बोट घालायला लावलं होतं. आम्ही वाणगावकर एकेकट्याने घेतो आणि मग हिशोब ऐकतो.

लांबीची किंमत मात्र गतिरोधकावर मोजावी लागते. पुढची-मागची चाकं एकमेकांपासून जितकी लांब, तितकं मधलं पोट उंचवट्याला लागण्याची भीती जास्त, आणि या गाडीच्या पोटाखाली वीतभरही जागा नाही. मी घाबरत घाबरत आकडेमोड केली आणि थक्कच झालो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ३.७ मीटर! म्हणजे गाडीच्या दोन चाकांमधल्या अंतराहून तो रुंद. त्यामुळे चारही चाकं एकाच वेळी उंचवट्यावर चढलेली असतात आणि गाडीच गतिरोधकाबरोबर उचलली जाते. वर्तुळाचं साधं गणित मांडलं तर पोटाकडे सरकतात फक्त ७ सेंटिमीटर. नियमातला गतिरोधक या गाडीला शिवूही शकत नाही.

पण गावातला गतिरोधक कोणी नियम वाचून घातलेला असतो का? डांबराचा तो अरुंद वरंबा आख्खा गाडीच्या पोटाखाली मावतो, चारही चाकं सपाट जमिनीवर राहतात आणि त्याची पूर्ण उंची पोटाशी भिडते. म्हणूनच जुने ड्रायव्हर गाडी तिरकी घालतात. तिरकी गाडी एकेक चाक करून चढते, एखादं चाक वरंब्यावर राहून अंग उचलून धरतं. त्यांना भूमिती कोणी शिकवली नव्हती.

पावसाळ्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पाणी साचलं की पुढची करामत कामाला लागते. स्टिअरिंग किती वळवलंय हे गाडीला कळतं. त्यावरून गाडी किती वळायला हवी तेही कळतं. पण ती प्रत्यक्षात किती वळतेय, हे कसं कळावं? त्यासाठी सिलिकॉनच्या चिपमध्ये कोरलेला, डोळ्यांना न दिसणारा एक इवलासा तुकडा सतत पुढेमागे थरथरत असतो. गाडी स्वतःभोवती फिरू लागली की थरथरणारा तुकडा जरासा आडवा ढळतो आणि त्या ढळण्यावरून फिरण्याचा वेग समजतो. हा आडवा ढळ आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. दक्षिणेकडून येणारे वारे विषुववृत्त ओलांडल्यावर फिरत्या पृथ्वीमुळे उजवीकडे ढळतात आणि नैर्ऋत्येकडून आपल्याकडे येतात. तोच आपला मोसमी पाऊस. ज्या नियमाने पाऊस इथवर येतो, त्याच नियमावर चालणारी चिप मला त्या पावसात घसरू देत नाही! हिशोबात तफावत दिसली की गाडी चारांपैकी नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावते आणि नाक जागेवर आणते. अशी योजना प्रथम १९९५ मध्ये मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आली. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या पत्रकारांच्या चाचणीत त्याच कंपनीची छोटी ए-क्लास उलटली, तेव्हा ती छोट्या गाडीतही सरसकट बसवावी लागली.

आणि मग पट्टा. मागे बसलेली काकू म्हणते, "मागे कशाला रे तो? पोलीस पुढच्यांनाच बघतात." वाणगावपासून फार लांब नसलेल्या चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले. गाडी याच कंपनीची होती. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघेही गेले आणि पुढचे दोघे वाचले.

असं का होतं? बेला बारेन्यी या इंजिनिअरने १९५१ मध्ये एक उलटा विचार पेटंटसाठी मांडला: गाडीचं नाक मजबूत नको, चुरगळणारं हवं आणि माणसं बसतात तो मधला भाग तेवढा अभेद्य हवा. नाक चुरगळताना थांबायला सेकंदाचा दहावा हिस्सा मिळतो. तो मिळतो मधल्या भागाला. तुम्ही त्याला बांधलेले असाल तर तुम्हालाही, नसाल तर तुम्ही जुन्याच वेगाने पुढे जात राहता आणि मग एकदम थांबता.

बांधण्याचं कामही पट्टा एकटा करत नाही. धडक ओळखताच गुंडाळीतली चिमूटभर स्फोटक पूड पेटते आणि सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास पट्ट्याचा ढिलेपणा ओढून घेते. पापणी मिटायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण तसाच करकचून धरला तर फासळ्या मोडतील. म्हणून गुंडाळीच्या आत पोलादाची एक कांडी असते, ठरावीक जोरानंतर पिळवटणारी. ती पिळत जाते तसा पट्टा इंचाइंचाने सुटतो. आधी आवळणं, मग मोजून सोडणं आणि हे सगळं काकूला "अगं बाई" म्हणायला वेळ मिळायच्या आत.

ही पूड एकदाच पेटते, नंतर आख्खी गुंडाळी बदलावी लागते. बहुतेक गाड्यांत ती जन्मभर पेटतच नाही. म्हणून गाडी रीतसर भंगारात काढताना एअरबॅग आणि पट्ट्यांमधली पूड आधी मुद्दाम पेटवून टाकतात, नाहीतर इतकी वर्षं गप्प बसलेली ती पत्रा कापणाऱ्याच्या अंगावर उडायची.