कळ लावणारी, कळ थांबवणारी

श्रावणात सह्याद्रीच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळ्यांवर आणि शेताच्या बांधांवर कळलावी फुलते. पानाचं टोक तारेसारखं वळून शेजारच्या फांदीला विळखा घालतं आणि त्या आधारानं वेल वर चढते. फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी. आधी हिरवट-पिवळ्या, मग लालभडक. बाई अडली की सुईणी या वेलीच्या कंदाचा लेप लावत, प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून. नावातली कळ ती हीच.

याच वेलीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. गाऊटच्या रुग्णाची कळ थांबवणारं हे औषध.

युरोपात ते सापडलं कोल्चिकम या दुसऱ्या वनस्पतीत. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी ते वेगळं काढलं. त्याच वर्षी याच जोडीनं सिंकोनाच्या सालीतून क्विनाइनही मिळवलं होतं. आज तामिळनाडूत शेतकरी बियांसाठी कळलावीची लागवड करतात. तिथलं ते राज्यपुष्पही आहे.

गाऊटमध्ये नेमकं होतं काय? रक्तातलं युरिक अ‍ॅसिड १०० मिलिलीटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळलेलं राहणं अवघड होतं. सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक साचतात, बहुतेकदा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी. एखाद्या रात्री पांढऱ्या पेशी या स्फटिकांवर तुटून पडतात आणि मदतीला आणखी पेशी बोलावतात. अंगठा लाल होतो, सुजतो आणि असा ठणकतो की अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसत नाही.

पेशीच्या आत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनापासून सूक्ष्म नळ्या बनतात. पेशीचा सांगाडा त्याच आणि मालवाहतुकीचे रूळही त्याच. कोल्चिसिन ट्युब्युलिनला चिकटतं आणि नव्या नळ्या बनू देत नाही. पांढऱ्या पेशींची धाव मंदावते, सूज उतरते.

पण या नळ्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतात, विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं वाटून देण्याचं कामही त्याच करतात. म्हणून ज्या पेशी सतत विभागतात, त्यांना कोल्चिसिनचा फटका आधी बसतो. आतड्याचं अस्तर दुखावलं की जुलाब लागतात. मात्रा फारच वाढली तर अस्थिमज्जा कोलमडते आणि जीव जातो. यावर हमखास उतारा आजही सहज मिळत नाही.

पूर्वी जुलाब लागेपर्यंत गोळ्या देत राहण्याची पद्धत होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४.८ मिलिग्रॅम आणि १.८ मिलिग्रॅम अशा दोन मात्रा ताडून पाहिल्या. वेदना दोन्हींनी सारख्याच कमी झाल्या. जुलाब मात्र मोठ्या मात्रेत सुमारे ७७ टक्के रुग्णांना झाले, छोट्या मात्रेत २३ टक्क्यांना. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक चालू असेल, तर हीच छोटी मात्राही अंगात साठत जाते. घरातल्या दुसऱ्या कुणाची उरलेली गोळी घेऊ नये, ती याचसाठी.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगायला हवी. कोल्चिसिन सूज शमवतं, युरिक अ‍ॅसिड कमी करत नाही. ते काम अ‍ॅलोप्युरिनॉलचं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांच्या प्रयोगशाळेतून ते आलं. दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर जुने स्फटिक विरघळू लागतात आणि सुरुवातीच्या महिन्यांत दुखणं उलट उसळू शकतं. ‘गोळी सोसत नाही’ म्हणून अनेकजण इथेच औषध सोडतात. खरं तर याच काळासाठी डॉक्टर सोबत थोडं कोल्चिसिन देतात. दोन्ही गोळ्या चालू ठेवल्या, तर स्फटिक हळूहळू संपतात.

यंदा बांधावर कळलावी दिसली तर जरूर थांबा, मुलांना दाखवा. मात्र तिच्या मुळाशी असलेला कंद रताळ्यासारखा दिसतो आणि तो खाऊन माणसं दगावली आहेत, हेही त्याच वेळी सांगा.