उद्या किती पोळ्या?

अंबरनाथ पूर्वेला, आनंदनगर एमआयडीसीच्या वाटेवर ओळखीच्या एका वहिनींचं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज रात्री ओटा आवरताना त्यांना एकच प्रश्न छळायचा, उद्या कणीक किती भिजवायची? कारखान्यांत ओव्हरटाइम असला की भाजी लवकर संपायची. तो बंद झाला की सगळं पडून राहायचं. नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी आणि मार्च 2020 ची टाळेबंदी, दोन्ही वेळा तर सगळे अंदाज कोलमडले.

मैत्रिणींनो, हे दुखणं जुनंच आहे. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालत. संप झाला की पगार बंद आणि खानावळीचे पैसेही बंद. वाणी आणि सावकार मात्र दारात हजर! अशा बायकांना 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे 1982 च्या संपाने दाखवून दिलं, की एकाच गिऱ्हाइकावर चूल अवलंबून ठेवणं किती धोक्याचं.

वहिनींचा उपाय साधा आहे, एक शंभर पानी वही. त्यात रोज चार रकाने: किती केलं, किती विकलं, किती उरलं आणि किती जण परत गेले. शेवटचा रकाना विसरू नका हं! चाळीस थाळ्या संपल्या आणि दहा जण परत गेले, तर मागणी पन्नासची होती. सोमवारचा अंदाज मागच्या चार सोमवारांवरून बांधायचा. मग पगाराची तारीख, संकष्टी, श्रावण, पाऊस बघून कमी-जास्त करायचं. महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेची गर्दी, तेव्हा साबुदाणा आदल्या रात्रीच भिजवायचा.

दिवस अनिश्चित असले की आकडे दोन काढायचे, नेहमीचा आणि पडता. समजा, भाडं आणि मदतनीस बाईंचा पगार धरून रोजचा बांधील खर्च 600 रुपये आहे आणि सामान, गॅस वजा जाता थाळीमागे 20 रुपये सुटतात. म्हणजे तिसाव्या थाळीपर्यंत फक्त खर्च निघतो. पडता आकडा तिसाच्या खाली गेला, की आधीच सावध व्हायचं.

थाळीवाले नुसत्या पोळी-भाजीवर आले आणि उधारी वाढू लागली, तेव्हा वहीनेच वहिनींना इशारा दिला. त्यांनी कणीक दोनदा भिजवायला सुरुवात केली आणि आसपासच्या सोसायट्यांतून संध्याकाळच्या पोळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या.

परवा विचारलं, "आता अंदाज चुकत नाही ना?"

"चुकतो की गं," त्या हसल्या, "पण आता किती चुकला ते कळतं."