नित्य व्यवहारातील जपानी संभाषण आणि मराठी शाळा

परकी भाषा शिकावयाची तर आधी इंग्रजी चांगली यावी लागते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. जपानी भाषेच्या बाबतीत तो खरा नाही. औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत २०१९ साली मुलांना परदेशी भाषा निवडण्यास सांगण्यात आले, तेव्हा बहुतेकांनी जपानी निवडली. यंत्रमानव व तंत्रविद्या यांची त्यांना ओढ होती. त्याच वर्षी एप्रिलपासून जपानने परदेशी कामगारांसाठी ‘विशिष्ट कौशल्य’ परवाना सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताने त्यासंबंधी जपानशी सहकार्याचा करार केला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम अशा कामांसाठी जाणाऱ्यास सामान्यतः नित्याच्या जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागते. तेव्हा हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही.

जपानी वाक्याचा साचा मराठी वाक्याच्या साच्याशी पुष्कळ जुळतो. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते आणि नामाचा संबंध दाखविणारा शब्द नामानंतर येतो. ‘गाक्कोऽ ए इकिमासु का’ या वाक्यात ‘गाक्कोऽ’ म्हणजे शाळा, ‘ए’ म्हणजे ला, ‘इकिमासु’ म्हणजे जाता, आणि शेवटचा ‘का’ म्हणजे आपला ‘का’च. ‘शाळेला जाता का?’ हे मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून तयार होते. दोन भाषांचे काही नाते आहे असे यावरून समजू नये. ‘का’चे साम्य योगायोगाचे आहे. परंतु शिकविण्याच्या कामी ते फार उपयोगी पडते.

असेच साम्य ‘ऊन’ प्रत्ययात दिसते. मराठीत आपण ‘खाऊन पाहा’ म्हणतो. जपानीतही ‘ताबेते मिते कुदासाइ’ म्हणजे अक्षरशः ‘खाऊन पाहा’. घरातून निघताना जपानी मूल ‘इत्ते किमासु’, म्हणजे ‘जाऊन येतो’, असे म्हणते आणि घरची माणसे ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन ये’, असे उत्तर देतात. ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणण्याची रीत आपल्या मुलांना मुद्दाम शिकवावी लागणार नाही.

उच्चारांतही मराठी मुलाला सोय आहे. जपानी स्वर पाचच : आ, इ, उ, ए, ओ. ‘त्सुनामी’ या शब्दातील ‘त्सु’ म्हणजे आपल्या ‘चुना’ शब्दातील ‘चु’, आणि ‘मिझु’ (पाणी) यातील ‘झु’ म्हणजे ‘जुना’ शब्दातील ‘जु’. जपानीत ‘ल’ वेगळा नाही. ‘र’ व ‘ल’ यांच्या मधला एकच वर्ण आहे. ‘देसु’, ‘मासु’ यांतील शेवटचा ‘उ’ जवळजवळ ऐकू येत नाही.

काळजी घ्यावयाची ती स्वरांच्या लांबीची. येथे लांबी ‘ऽ’ या चिन्हाने दाखविली आहे. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. जोडाक्षराचेही तसेच : ‘किते’ म्हणजे येऊन, ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट. शिक्षकाने टाळी वाजवून मात्रा मोजून घ्याव्यात. कवितेच्या तासाला हे मुलांनी केलेलेच असते.

लिपीसाठी संभाषण अडवून ठेवू नये. हिरागाना लिपीची ४६ मूळ अक्षरे हळूहळू येतील. त्यांचा क्रम का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासाचा तो परिणाम असल्याने मुलांना तो ओळखीचा वाटतो. प्रारंभी तोंडी कामच असावे आणि ते प्रसंगानुसार असावे.

पहिला प्रसंग अभिवादनाचा. सकाळी ‘ओहायोऽ गोझाइमासु’, दिवसा ‘कोन्निचिवा’, सायंकाळी ‘कोम्बान्वा’. आभार मानताना ‘आरिगातोऽ गोझाइमासु’. ‘सुमिमासेन’ हा शब्द क्षमा मागताना व अनोळखी माणसाचे लक्ष वेधतानाही चालतो. दुसरा प्रसंग दुकानाचा. ‘कोरे वा इकुरा देसु का’ म्हणजे ‘हे केवढ्याला?’, आणि ‘मिझु ओ कुदासाइ’ म्हणजे ‘पाणी द्या’. यासोबत अंक घ्यावेत. दहा म्हणजे ‘ज्यूऽ’, एक म्हणजे ‘इचि’, म्हणून अकरा ‘ज्यूऽइचि’. दोन म्हणजे ‘नि’, म्हणून वीस ‘निज्यूऽ’. एकोणतीस, एकोणचाळीस यांनी गोंधळणाऱ्या मुलांना ही पद्धत सोपी वाटेल. तिसरा प्रसंग वाट विचारण्याचा : ‘एकि वा दोको देसु का’, म्हणजे ‘स्टेशन कोठे आहे?’ येथे ‘कोठे’ असूनही शेवटी ‘का’ येतो, हे ध्यानात आणून द्यावे.

मराठीची सवय जेथे फसविते ती स्थळेही सांगितली पाहिजेत. ‘तुम्ही’ या अर्थी ‘आनाता’ शब्द कोशात सापडतो. पण वडीलधाऱ्यांना तो लावणे उद्धटपणाचे ठरते. त्यांच्या आडनावापुढे ‘सान’ लावावे, शिक्षकांच्या आडनावापुढे ‘सेन्सेइ’. स्वतःच्या नावाला मात्र ‘सान’ कधीही लावू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ‘हाय’ या शब्दाची. त्याचा अर्थ ‘होय’ असा सांगतात. परंतु समोरच्याचे बोलणे ऐकत आहोत, एवढे दाखविण्यासाठीही तो उच्चारला जातो. वर्गात काही न समजताही ‘हो गुरुजी’ म्हणणारी मुले प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहेत. तेच मूल पुढे एखाद्या वृद्धाच्या औषधाची सूचना ऐकून न समजता ‘हाय’ म्हणेल, तर त्याची झळ दुसऱ्याला पोहोचेल. म्हणून पहिल्याच आठवड्यात ‘वाकारिमासेन’ (समजले नाही) आणि ‘मोऽ इचिदो ओनेगाइ शिमासु’ (कृपया पुन्हा एकदा) ही वाक्ये पक्की करून घ्यावीत. ती उच्चारणाऱ्या मुलास कोणी हसू नये, याची दक्षता शिक्षकाने घ्यावी.

रोज पंधरा मिनिटे, दोन-दोन मुलांच्या जोड्या, एक गिऱ्हाईक व एक दुकानदार, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. शुद्ध उच्चारासाठी जपानी माणसाच्या आवाजातील ध्वनिफीत ऐकवावी आणि शिक्षकाने मुलांबरोबर स्वतःही म्हणावे. एखादा शब्द शिक्षकासही समजला नाही, तर त्याने मुलांसमोर ‘वाकारिमासेन’ म्हणून तो पुन्हा ऐकावा. त्या वाक्याचा उपयोग मुलांना यापेक्षा स्पष्टपणे दाखविता येणार नाही.