हिशेबखात्यातील ध्यान

भांडवल, पत आणि माल यांची मोजदाद आपण व्यापारी नित्य करतो. परंतु ज्या मनाने सौदा ठरवावयाचा, त्याची स्थिती पाहण्यास आपणांस सवड नसते. भाव घसरला की भीतीने माल विकला जातो, तेजी आली की लोभाने कोठार भरले जाते. पुष्कळदा नुकसानीचे मूळ भावात नसून या उतावळेपणात असते. तथापि ध्यान हा संसारत्यागी लोकांचा विषय होय, असे समजून आपण तो बाजूस सारतो. ब्रह्मदेशातील एका उदाहरणाने हा समज दूर व्हावा.

ऊ बा खिन यांनी १९३७ साली विपश्यनेचा अभ्यास आरंभिला. १९४८ मध्ये ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकौंटंट जनरल झाले. त्यांनी कचेरीतील नोकरवर्गास ध्यान शिकविले आणि १९५२ मध्ये रंगून येथे ध्यानकेंद्र स्थापिले. पुढे अनेक सरकारी खात्यांचा भार त्यांनी एकाच वेळी वाहिला. अर्धशिशीने त्रस्त झालेले मंडालेचे व्यापारी सत्यनारायण गोएंका १९५५ मध्ये त्यांचे शिष्य झाले. केवळ डोकेदुखी घालविणे हा या साधनेचा हेतू नव्हे, हे गुरूंनी त्यांना प्रथमच बजावले होते. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले. १९७६ पासून इगतपुरी येथे शिबिरे भरू लागली.

शिबिर दहा दिवसांचे असते. पहाटे चारला उठावयाचे आणि मौन पाळावयाचे. आरंभी केवळ नैसर्गिक श्वासाकडे लक्ष द्यावयाचे. मन भरकटले की त्रागा न करता ते परत आणावयाचे. चौथ्या दिवसापासून सर्वांगावरील संवेदना तटस्थपणे पाहावयाच्या. सुखद संवेदनेची आसक्ती नको, दुःखदायक संवेदनेचा द्वेष नको. शुल्क नसते, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर खर्च चालतो.

व्यापाऱ्यास याचा उपयोग कोणता? क्रोध आला की श्वास जलद होतो, अंग तापते. हा बदल वेळीच ओळखणाऱ्यास शब्द तोंडातून निसटण्यापूर्वी क्षणभर अवधी मिळतो. तेवढ्या अवधीत जुने गिऱ्हाईक टिकते, भावाभावांतील भागीदारीही वाचते.

आपल्या सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे हीदेखील समभावाचीच शिकवण देतात. दोन्हींची तत्त्वदृष्टी भिन्न आहे, म्हणून त्यांची सरमिसळ करू नये. मनोविकार असलेल्यांनी वैद्यांचा सल्ला घेतल्याविना शिबिरास जाऊ नये.

आषाढ-श्रावणात धान्याची आवक मंदावते. त्या काळात पेढी मुलांच्या हाती सोपवून दहा दिवस काढणे अशक्य नाही. परतल्यावर मात्र सकाळ-संध्याकाळ एकेक तास अभ्यास चालू ठेवावा लागतो. रोजकीर्द रोज लिहिली तरच वर्षअखेर ताळा जुळतो. मनाचेही तसेच आहे.