अँटिबायोटिकची ‘सवय’ नेमकी कुणाला होते?

घसा दुखतोय, अंगात कणकण आहे. मागच्या वेळच्या दोन-चार अँटिबायोटिक गोळ्या घरात उरल्यात, त्यातलीच एक घेतली. असं आपल्यापैकी अनेकजण करतात. पुढे कधीतरी गोळी लागू पडत नाही, तेव्हा आपण म्हणतो, “माझ्या शरीराला या औषधाची सवय झाली.” प्रत्यक्षात शरीर बदललेलं नसतं, जिवाणू बदललेले असतात.

हे घडतं कसं?

पोषक वातावरणात ई. कोलाय हा जिवाणू साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतो. डीएनएची नक्कल होताना क्वचित चूक होते. बहुतेक चुका बिनकामाच्या असतात, पण एखादीमुळे तो जिवाणू औषधातून वाचतो. बाकीचे मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत याचीच प्रजा वाढते.

२०१६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हे कॅमेऱ्यात टिपलं. चार फूट लांब ट्रेमध्ये कडेला औषध नव्हतं आणि मध्याकडे त्याची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढत होती. प्रत्येक टप्प्यावर जिवाणू अडले. मग एखादा बदललेला जिवाणू पुढे घुसला. सुमारे ११ दिवसांत त्यांनी हजारपट मात्राही पार केली.

जिवाणू वाचतात कसे?

• काही जिवाणू औषधाचे तुकडे करणारं एन्झाइम बनवतात.
• काही आत आलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतात.
• काहींमध्ये औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलते.

शिवाय ही क्षमता देणारे जीन्स ‘प्लाझ्मिड’ या डीएनएच्या छोट्या कड्यांवर असू शकतात. जिवाणू त्या एकमेकांना देतात, अगदी दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही.

मग त्या उरलेल्या गोळीचं काय?

सर्दी आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. पण ती गोळी पोटातल्या निरुपद्रवी जिवाणूंमधून चिवट तेवढे मागे ठेवते. तेच पुढे आपले जीन्स रोग पसरवणाऱ्या जिवाणूंना देऊ शकतात आणि घरातल्या इतरांपर्यंतही पोहोचू शकतात. सिझेरियन असो वा केमोथेरपी, संसर्ग रोखायला लागू पडणारं अँटिबायोटिक हाताशी लागतंच.

म्हणून पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पाळा आणि उरलेल्या गोळ्या कुणालाही देऊ नका.